कणकेचा हत्ती

कारखान्यात त्याला तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘हत्तीवाले’. दोन्ही नावांचा त्याला सारखाच तिटकारा होता. ‘साहेब’ म्हणणाऱ्यांच्या आवाजातली थट्टा त्याला बरोबर ऐकू यायची, आणि ‘हत्तीवाले’ म्हणणाऱ्यांबद्दल तो घरी ताईला सांगायचा, “ह्यांनी जन्मात हत्ती नीट पाहिलेला नाही. शेपटी कुठून सुरू होते विचार, एकाला सांगता येणार नाही.”

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. नवरा गेल्यापासून भावाकडे राहायची आणि भावाचं कौतुक ही गोष्ट तिने कधीच सोडून दिली होती. “तुला तरी कोण विचारतंय शेपटीचं,” असं म्हणून ती जेवायला वाढायची.

कारखाना लहान मुलांच्या खेळमातीचा. लाल, पिवळे, निळे, हिरवे मऊ गोळे, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरलेले. डब्यावरचं चित्र पाहून मूल दुकानात हटून बसतं, त्या चित्रासाठी नमुने करणं हे ह्याचं काम. चार पायांवर ताठ उभा, सोंड वर केलेला निळा हत्ती. मान वळवून मागे बघणारा जिराफ. तीन मनोऱ्यांचा किल्ला. खाली ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, ‘तुम्हीही बनवा’.

ते कुणालाच बनवता येत नसे, कारण ह्यालाही येत नसे. हत्तीच्या पोटात तार होती. तारेवर प्लास्टर, प्लास्टरवर कानस मारून आणलेला आकार, आणि त्या आकारावर कागदाइतका पातळ खेळमातीचा थर. वरून कुंचल्याने ग्लिसरीनचा हात फिरवला की हत्ती ओला चकचकीत दिसे. फोटोवाला दिवे लावायचा, चार फोटो काढायचा आणि जायचा. मग हा तो हत्ती कपाटात ठेवून कुलूप लावायचा. सव्वीस वर्षं हे चाललं होतं, आणि ह्यात काही वावगं आहे असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. ज्यांना फसवायचं ती मुलं. मुलं त्याच्या खिजगणतीतच नव्हती.

ह्या खेळमातीत मातीचा कणही नव्हता. मैदा, मीठ, पाणी, थोडं तेल, रंग आणि एक गोडसर वास. थोरल्या मालकांच्या वेळी त्याच खोल्यांत लांबी बनायची, म्हणजे खिडकीच्या काचा लाकडी चौकटीत बसवायला लागतो तो लगदा. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मोठ्या लोखंडी यंत्रांत तासन्‌तास मळलं जायचं. मग खिडक्या धातूच्या आल्या, काचांभोवती रबराच्या पट्ट्या आल्या आणि लांबीला कुणी विचारेना. थोरल्या मालकांनी मळायच्या खोलीतल्या बायकांना एकेक करून कचेरीत बोलवून घरी बसायला सांगायचं ठरवलं.

पहिली जी बाई आत गेली तिच्या हातात कणकेचा गोळा होता. ती घरी स्वयंपाक करताना रांगत्या पोरीने पायांत येऊ नये म्हणून कणकेचा गोळा द्यायची. पोर तो खायची, म्हणून त्यात मूठभर मीठ. हाताला चिकटायचा, म्हणून थोडं तेल. त्या दिवशीचा गोळा तिने कारखान्यात मधल्या सुट्टीतच मळून घेतला होता. तो तिने मालकांच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. मालक बोलायला लागले. धंदा कसा बसला, आपला कसा नाइलाज आहे, वगैरे. बोलता बोलता त्यांनी गोळा उचलला. दाबला, लांबवला, पुन्हा गोल केला, त्यात अंगठा रुतवला. पाव तास बोलले आणि पाव तास मळत राहिले. शेवटी बाई म्हणाली, “साहेब, मला काढायचं तर काढा, पण तो गोळा तरी द्या. घरी पोरगी वाट बघतेय.” मालकांनी हाताकडे पाहिलं. दुसऱ्या महिन्यात यंत्रं धुऊन काढली आणि मैद्याची पोती आली.

कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत मात्र हे सगळं ‘संस्थापकांच्या दूरदृष्टीतून’ झालं होतं. बाईला मळायच्या खोलीची मुकादम केलं, आणि ‘कणीकबाई’ हे नाव तिला जन्माचं चिकटलं.

हा त्या कारखान्यात आला तो डब्याचं चित्र काढायला, सहा महिन्यांसाठी. कलाशाळेत त्याचा दुसरा नंबर आला होता. पहिल्या नंबरवाल्याला गावच्या मोठ्या चौकातल्या पुतळ्याचं काम मिळालं. रोज कामावर जाताना हा त्या पुतळ्यासमोरून जायचा आणि रोज मनातल्या मनात त्याची हजेरी घ्यायचा. डावा हात कोपरात मोडल्यासारखा. बुटांत पाय नाहीत, नुसते बूट. ह्याला स्वतःला आयुष्यात एकच काम मिळालं, एका शाळेच्या संस्थापकाचा अर्धपुतळा. संस्थापकाच्या घरच्यांनी पाहिला आणि विचारलं, “हे कोण?” शाळेने तो जिन्याखाली ठेवला. मुलांच्या सापडलेल्या टोप्या त्याच्या डोक्यावर ठेवत, म्हणजे ज्याची त्याने घेऊन जावी.

त्यानंतर त्याने सगळ्या जगाकडे पाहून जे नाक मुरडलं ते मुरडलेलंच राहिलं. खेळमातीला तो सव्वीस वर्षांत एकदाही माती म्हणाला नाही. “कणीक,” तो म्हणायचा. “दगडाला स्वभाव असतो, मातीला हाड असतं. ह्याला काय आहे? वास.”

कारखान्यात पालकांची पत्रं यायची, त्यांना उत्तरं देणं हेही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. ‘आमच्या मुलाच्या हत्तीचे पाय दबतात.’ ‘जिराफाची मान पडते, काही उपाय?’ त्याचं उत्तर ठरलेलं असे, दोन शब्दांचं: ‘सराव करावा.’ खाली सही.

एकदा एका वडिलांचं पत्र आलं. मुलगी सात वर्षांची. तीन दिवस हत्ती करत बसली. सोंड गळून पडते. आता म्हणते की माझे हात खराब आहेत, आणि शाळेतही हाताने काही करायला तयार नाही. तरी कसं करायचं ते कृपया सविस्तर कळवावं. पत्र वाचून ह्याच्या कपाळावर आठी पडली. तीन दिवसांत मुलीचे हात खराब ठरले म्हणे. ह्याचे हात कसे आहेत, हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्याने त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं उत्तर लिहिलं: ‘हत्ती सर्वांनाच जमतो असे नाही.’

मुलीची आजी गावातल्या सगळ्यात मोठ्या खेळण्यांच्या दुकानाची मालकीण निघाली. तिने ते पत्र काचेच्या कपाटात, खेळमातीच्या डब्यांशेजारी चिकटवलं आणि कारखान्यात फोन केला. थोरले मालक वारले होते. फोन धाकट्या मालकाने घेतला. आजीबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, “हे पत्र ज्यांनी लिहिलं त्यांना शनिवारी अकरा वाजता दुकानात पाठवा. मुलांसमोर बसून हत्ती करून दाखवू दे. डब्यातल्या मातीचा. दाखवला तर पत्र काढते. नाही तर तुमचे डबे काढते.”

धाकट्या मालकाने ह्याला बोलावून घेतलं. “तुम्हाला काय गरज होती हो अक्कल पाजळायची?”

“खरं तेच लिहिलं.”

“आता खरंच करून दाखवा. आठवडा आहे.”

त्या संध्याकाळी त्याने चार निळे डबे घरी नेले आणि जेवायच्या टेबलावर हत्ती करायला बसला. पाय केले, धड केलं, धड पायांवर ठेवलं. पाय पसरले. पाय जाड केले तर हत्तीचं स्टूल झालं. सोंड वर केली की तिच्या बुडाशी भेग पडायची, आणि मग ती दमल्यासारखी हळूहळू खाली यायची. ताई बाजूला भाजी निवडत होती.

“हा बसला का रे?” तिने विचारलं.

“बसला नाही. खचला.”

“तू सव्वीस वर्षं हेच करतोस ना?”

त्याने सोंड पुन्हा उचलून लावली. सव्वीस वर्षं तो हे करत नव्हता, आणि ही गोष्ट बहिणीला त्याने कधी सांगितली नव्हती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हत्तीकडे. पुढे काही विचारलं नाही, हे त्याला जास्त लागलं.

बुधवारी तो मळायच्या खोलीत गेला. कणीकबाई यंत्राच्या झाकणावर हात ठेवून उभी होती.

“बाई, माझ्यासाठी एक घट्ट घाणा काढा. मैदा जास्त, तेल कमी.”

“कशाला?”

“हत्ती उभा राहायला हवा.”

“मुलांना देतो त्यातला राहत नाही?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” बाई म्हणाली. “तुम्ही तारेवर कातडं चढवायचात आणि आम्हाला सांगायचात, मातीच भिकार. माझी पोर ह्या गोळ्यावर वाढली. तिने एकदाही हत्ती मागितला नाही.” तिने यंत्र चालू केलं आणि मग त्या घरघरीत बोलणं शक्यच नव्हतं.

घट्ट घाणा मिळाला नाही, तेव्हा शेवटी त्याने तारेचे पाच तुकडे कापले, चार पायांसाठी आणि एक लांब सोंडेसाठी, आणि शनिवारी सकाळी ते शर्टाच्या बाहीत खोचले.

दुकानात मधल्या मोकळ्या जागेत बुटकी टेबलं मांडली होती. वीस-बावीस मुलं आणि त्यांच्यामागे हाताची घडी घालून उभे आईबाप. ह्यालाही मुलांचीच बुटकी खुर्ची दिली. तो बसला तेव्हा गुडघे छातीला लागले. समोर चष्मा लावलेली एक मुलगी हात मांडीखाली दाबून बसली होती. आजीबाई गल्ल्यामागे उभ्या होत्या. त्यांची नजर तिच्यावरच होती, त्यावरून मुलगी कोण ते ओळखायला वेळ लागला नाही.

त्याने डबा उघडला आणि कामाला लागला. हात सराईत होते, त्याबद्दल वाद नाही. बघता बघता धड झालं, डोकं झालं, कान झाले. आईबापांमधून एक कौतुकाचा आवाजही आला, आणि हे लोक किती थोडक्यात खूश होतात, ह्याची त्याला मनापासून कीव आली. पाय करताना त्याने बाहीतून तार काढून एकेका पायात सरकवली. कुणाला दिसलं नाही. हत्ती उभा राहिला. मग सोंड.

“काका, ते काय घातलंत?” चष्म्यातली मुलगी म्हणाली.

“कुठे काय?”

“सोंडेत.”

“काही नाही. बघत राहा.”

ती उठली, टेबलाजवळ आली आणि सोंडेच्या टोकातून जे चकाकत होतं ते दोन बोटांनी धरून ओढलं. तार सरळ बाहेर आली. सोंड टेबलावर पडली. मुलीने तार आजीला दाखवली नाही, कुणालाच नाही. नुसती हातात धरून उभी राहिली. मागे एका बापाने खोकल्यासारखं केलं.

“पायांतल्याही काढा,” आजीबाई गल्ल्यामागून म्हणाल्या. “आणि चालू द्या.”

त्याने त्या काढल्या. चार तारा, एकापुढे एक, टेबलावर ठेवल्या. तारेशिवाय हत्ती क्षणभर उभा राहिला आणि मग पुढचे गुडघे मोडल्यासारखा बसत गेला, पोट टेकलं, कान लोंबले. आता हसतील, असं त्याला वाटलं. मुलं हसली नाहीत. तीन-चार वर्षांचं एक पोर पुढे झालं आणि त्याने हत्तीच्या पाठीवर मूठ मारली. फस्‌ असा ओला आवाज झाला. पोराला तो इतका आवडला की त्याने पुन्हा मारली. मग सगळीच धावली. कुणी कान तोडला, कुणी पोटात बोटं खुपसली, एकाने आख्खा गोळा तळहातात आवळला आणि बोटांच्या फटींतून निळ्या वळ्या बाहेर आल्या, तर तो त्यांच्याकडे बघतच राहिला. पाच मिनिटांत हत्तीचं नावनिशाण उरलं नाही आणि दुःख कुणालाच नव्हतं. ह्याने हे सगळं तोंड वाकडं करून पाहिलं. जंगली, त्याच्या मनात आलं. आणि लगेच असंही आलं की ह्यांना हत्ती कधी नकोच होता.

एकीला मात्र हवा होता. ती तशीच तार धरून उभी होती.

“म्हणजे तुम्हालाही येत नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग माझे हात खराब नाहीत.”

“ते मला काय माहीत? मी कुठे पाहिलेत?”

आता गाशा गुंडाळून निघायचं, एवढंच उरलं होतं. पण मुलीने तार खाली ठेवली, एक डबा उघडला आणि त्याच्यासमोर बसून हत्ती करायला लागली. आधी चार पाय वळले आणि ओळीने उभे केले. त्याला राहवेना.

“पाय आधी नकोत,” तो खेकसला. “पायांवर उभा राहण्याइतका दम ह्या कणकेत नाही, आत्ताच बघितलंस ना? मग पुन्हा तेच?”

“मग काय करू?”

हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. हातात दगड आला की दगडाला काय झेपतं ते आधी बघायचं, हे कलाशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. ह्या मैद्याच्या गोळ्याला तेवढाही मान त्याने दिला नव्हता.

“झोपव त्याला,” तो म्हणाला.

तिने मोठा गोळा केला आणि एका बाजूने चपटा दाबला. “पाय पोटाशी घे. असे नाही, आखडून. कुत्रा झोपतो तसे. डोकं जमिनीला टेकव. वर कशाला उचलतेस, तुझं तू उचल. सोंड पुढे सोड, लांब, टेबलावर पडू दे. पडू दे म्हटलं ना.” तिने सोंड टेबलावर पडू दिली. सोंडेला कुठे जायचंच नव्हतं, त्यामुळे ती गळली नाही. कान पाठीवर मागे पाडला. नखाने डोळा मिटवला. मुलीचे हात खराब नव्हते, चांगलेही नव्हते. पण टेबलावर एक निळा हत्ती झोपला होता आणि त्याच्या पोटात काही नव्हतं.

आजीबाई येऊन बघून गेल्या. पत्र काचेवरून काढलं की नाही, ते पाहायला तो थांबला नाही.

सोमवारी तो मालकासमोर उभा राहिला. “डब्यावरचं चित्र बदलायला हवं. झोपलेला हत्ती टाकू. तारेशिवाय होतो.”

मालकाने हातातला कागद खाली ठेवला. “झोपलेला हत्ती विकत कोण घेईल?”

“मुलांना जमेल.”

“जमणारी गोष्ट विकत कोण घेतं? तुम्हाला मुलांचा पुळका कधीपासून?”

“पुळका नाही. चुकीचं काम आहे ते. मटेरियलच्या विरुद्ध.”

“आजवर नव्हतं?”

“आजवर मी गाढव होतो,” तो म्हणाला. “तारेचे नमुने दुसऱ्याकडून करून घ्या.”

मालकाने खरंच दुसरा आणला. चुणचुणीत तरुण होता, तारेऐवजी प्लास्टिकचा सांगाडा वापरायचा. त्याचे हत्ती एका पायावरही उभे राहत. ह्याला मागच्या खोलीत झाकणं तपासायला बसवलं, आणि पत्रं तेवढी त्याच्याकडेच राहिली, कारण ती कुणालाच नको होती.

पत्रांना आता तो दोन शब्दांत उत्तर देत नसे. एका कागदावर पाच आकृत्या काढायचा: गोळा, चपटा, पाय पोटाशी, डोकं खाली, सोंड पुढे. जिराफाचं पत्र आलं तर मान अंगाभोवती वळवून बसलेला जिराफ. खाली सूचना, त्याच्या नेहमीच्या सुरात: ‘घाई करू नये. मान उचलू नये. उचलल्यास पडेल व पुन्हा पत्र लिहू नये.’ लोकांनी त्या आकृत्या एकमेकांना दिल्या. बालवाड्यांतून मागण्या यायला लागल्या. दोन वर्षांनी, ह्याच्या निवृत्तीच्या सुमारास, मालकाच्या कानावर हे गेलं आणि त्याने त्या आकृत्यांची घडीपत्रिका छापून प्रत्येक डब्यात घातली. वर थोरल्या मालकांचा फोटो आणि ‘संस्थापकांच्या कल्पनेतून’.

ताईला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. त्याने पत्रिका उलटसुलट पाहिली, छापखान्यात गेला आणि तिथे तासभर भांडून आला. नावावरून नाही. तिसऱ्या आकृतीत छापणाऱ्याने पाय बाहेर काढले होते. “नाव जाऊ दे चुलीत,” तो म्हणाला. “कणीकबाईचं तरी कुठे छापलंय. पण पाय चुकले.”

निवृत्तीनंतर तो दर शनिवारी अकरा वाजता खेळण्यांच्या दुकानात जाऊन बसू लागला. आजीबाईंनी बोलावलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नाही. मुलं गोळा व्हायची आणि तो त्यांना फाडून खायचा. “हे काय केलंस? बटाटा? बटाट्याला डोळे असतात, तेही नाहीत.” मुलांना ते भलतंच आवडायचं, काही तर मुद्दाम वाईट करून आणायची. एका आईने नाराजीने सुचवलं, “काका, जरा प्रेमाने सांगा ना.” तो म्हणाला, “प्रेमाने सांगून मान राहते का? नाही राहत. तुम्ही बाजूला उभ्या राहा.”

चष्म्यातली मुलगी दोन वर्षं नेमाने आली. तिचे हत्ती सुधारले, मग मांजरं, मग अंगाचं मुटकुळं करून झोपलेली माणसं. एका शनिवारी ती आली, बसली नाही, आणि म्हणाली, “मला आता कंटाळा आला. मी सायकल शिकतेय.”

“ठीक,” तो म्हणाला.

पुढचे दोन शनिवार तो कुणालाही टाकून बोलला नाही. मुलं चुळबुळ करायला लागली, एकाने तर आजीबाईंना विचारलं, आजोबांना बरं नाही का. दुसऱ्या शनिवारी दुकान रिकामं झाल्यावर त्या गल्ल्यामागून आल्या आणि बुटक्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

“ती परत यायची नाही हो. मी ओळखते तिला.”

“नको येऊ दे. हात काही फार ग्रेट नव्हते.”

“मग आता शनिवार बंद करायचे का?”

त्याने टेबलावरचे वाळलेले तुकडे तळहाताने गोळा केले, थोडं पाणी मागून घेतलं आणि ते पुन्हा मऊ करायला मळत बसला.

“बंद कशाला?” तो म्हणाला. “बाकीची गाढवं आहेत की. आणि निळा संपत आलाय, तो मागवून ठेवा.”